रक्त देण्याआधी खरे सांगा

उन्हाळ्यात महाविद्यालये बंद झाली की रक्तदान शिबिरे कमी होतात. मागणी मात्र कमी होत नाही. बाळंतपणातील रक्तस्राव, अपघात आणि आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण. यांपैकी काहींना पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागते. साठवलेल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. म्हणून रक्तदाते बारा महिने हवेत.

वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देणाऱ्यांसाठी ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असेल तर रक्त देता येते. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे.

एका शिबिरात एका तरुणाने फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिले होते. बोलता बोलता कळले, की रोवणीच्या दिवसांत त्याला थंडीताप येऊन मलेरिया निघाला होता. त्याला परत पाठवले, तेव्हा तो हिरमुसला. पण मलेरियाचे जंतू फ्रीजमधल्या रक्तातही जिवंत राहू शकतात आणि संख्येने कमी असले तर तपासणीत सुटतात. ते रक्त एखाद्या बाळंतिणीला गेले असते तर? उपचार पूर्ण होऊन तीन महिने त्रास नसेल तरच रक्त द्यावे. सालेकसा, देवरीकडच्या दात्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

गोंदण किंवा टॅटू केल्यावर वर्षभर थांबावे. कावीळ, सुरू असलेली औषधे, सिकलसेलचे वाहक असणे, काहीही लपवू नये. सांगितलेले गुप्त राहते.

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, दारू टाळा. उपाशीपोटी येऊ नका. भात-वरण किंवा पोहे खाऊन, भरपूर पाणी पिऊन या. नंतर पंधरा मिनिटे बसा, चहा-बिस्किटे घ्या. त्या दिवशी जड ओझे उचलू नका.

हिमोग्लोबिन कमी म्हणून अनेक भगिनींना परतावे लागते. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तपासणी करून उपचार घ्यावेत. रक्तक्षय तरी वेळीच कळला. बरे वाटले, हिमोग्लोबिन वाढले, की पुन्हा या. आम्ही वाट पाहतो.