दम घ्या, पण थांबू नका

विद्यार्थी मित्रांनो, ‘दम’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसी भाषेतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. दोन्हीकडे त्याचा मूळ अर्थ एकच आहे, तो म्हणजे श्वास. तुमच्या घरी ‘दम लेना’ म्हणतात, तसे मराठीत ‘दम घेणे’ म्हणतात. काम करता करता थोडे थांबून विसावा घेणे, असा त्याचा अर्थ होतो. ‘दम लागणे’ म्हणजे धाप लागणे. ‘दम धरणे’ म्हणजे धीर धरणे. ‘दमाने घेणे’ म्हणजे घाई न करता सावकाश काम करणे. ज्यांना सतत दम लागतो, अशा माणसांची माहिती आज आपण घेणार आहोत. त्यांच्या बाबतीत हे चारही शब्दप्रयोग उपयोगी पडतात.

मैदानावर धावल्यावर तुम्हांलाही दम लागतो. दोन-चार मिनिटे बसलात की तो जातो. पण काही माणसांना जिना चढताना, अंघोळ करताना, इतकेच काय, सदऱ्याची बटणे लावतानाही धाप लागते. लोक अशा प्रत्येक माणसाला ‘दमा आहे’ असे म्हणून मोकळे होतात. खरे तर दमा हा वेगळा रोग आहे. तो पुष्कळदा लहानपणीच सुरू होतो आणि कमीजास्त होत राहतो. दुसरा एक रोग बहुधा चाळिशीनंतर दिसू लागतो व हळूहळू वाढत जातो. त्याला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात. या रोगात श्वासाचा मार्ग कायमचा अरुंद होतो. क्षयरोग बरा झाल्यावरही काहींच्या फुफ्फुसांत व्रण राहून जातात आणि त्यांनाही असाच त्रास होतो.

हा रोग कशामुळे होतो? विडी-सिगारेटचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. पण तेवढे एकच कारण नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. ज्यांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, अशा असंख्य लोकांनाही हा रोग होतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. लाकूड, गोवऱ्या यांच्या चुलीपुढे वर्षानुवर्षे बसणाऱ्या स्त्रिया धूरच ओढत असतात. दगडाच्या खाणी, गिरण्या आणि कापूस पिंजण्याची ठिकाणे यांतील धूळही फुफ्फुसांना घातक असते.

आता या रोगात नेमके काय घडते, ते पाहू. आपल्या छातीत दोन फुफ्फुसे आहेत. श्वासनलिकेला फांद्या फुटत जाऊन शेवटी कोट्यवधी इवले इवले वायुकोश तयार होतात. तेथे प्राणवायू रक्तात मिसळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फुफ्फुसांच्या खाली श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. तो खाली गेला की हवा आत येते, वर आला की हवा बाहेर जाते. निरोगी मोठा माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो.

सीओपीडीच्या रुग्णाला वाटते, की आपल्याला हवा आत घेता येत नाही. खरी अडचण उलट असते. त्याला हवा पुरती बाहेर सोडता येत नाही. अरुंद झालेल्या बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि जुनी हवा आतच अडकते. गच्च भरलेल्या एस.टी. गाडीची आठवण करा. आतले प्रवासी उतरल्याशिवाय नवे प्रवासी चढणार कसे? दाराशी कितीही रेटारेटी केली तरी उपयोग होत नाही. रुग्ण घाबरून भराभर श्वास घेऊ लागला, की छातीत अशीच रेटारेटी होते.

तुम्ही स्वतः हे थोडे अनुभवू शकता. छाती भरून श्वास घ्या. तो थोडासाच सोडा आणि वरच्यावर तीन-चार लहान श्वास घ्या. छाती ताठली ना? आता पूर्ण श्वास सोडा. किती बरे वाटले! हा सुटकेचा श्वास रुग्णाला सहजासहजी मिळत नाही. म्हणून त्याला श्वास सोडण्याची कला शिकवावी लागते.

ही कला सोपी आहे. खांदे सैल सोडून बसावे. तोंड मिटून नाकाने, मनातल्या मनात एक-दोन म्हणत श्वास घ्यावा. मग गरम चहावर फुंकर घालताना करतो तसा ओठांचा चंबू करावा आणि एक-दोन-तीन-चार म्हणत हळूहळू श्वास सोडावा. जोर लावू नये. घेण्यापेक्षा सोडण्याला दुप्पट वेळ द्यावा, एवढेच लक्षात ठेवावे. चंबूने काय साधते? बागेतल्या रबरी पाइपचे तोंड बोटाने जरासे दाबले की मागचा पाइप फुगतो. तसेच ओठ अरुंद केले, की आतल्या हवेचा दाब नळ्यांना उघडे ठेवतो. त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

धाप फारच लागली तर खुर्चीवर बसून थोडे पुढे वाकावे आणि कोपरे मांड्यांवर टेकवावीत. रस्त्यात असल्यास भिंतीला टेकून उभे राहावे. कष्टाचे काम श्वास सोडताना करावे. बादली उचलायची असेल तर आधी श्वास घ्यावा आणि सोडता सोडता ती उचलावी. जिन्यावर एक-दोन पायऱ्या श्वास सोडत चढाव्यात, थांबावे, श्वास घ्यावा आणि पुन्हा चढावे. दमाने घेणे म्हणतात ते हेच.

पोटाने श्वास घेण्याचा व्यायामही काही रुग्णांना शिकवतात. पण ज्यांची फुफ्फुसे फार फुगलेली असतात, त्यांना त्याने उलट जास्त धाप लागू शकते. तसेच श्वास रोखून धरणे किंवा जोरजोराने श्वास फेकणे, असे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

परंतु मित्रांनो, केवळ श्वासाचे व्यायाम पुरेसे नाहीत. समजा, तुमच्या गल्लीत एक वृद्ध चाचा राहतात. चालले की त्यांना दम लागतो. म्हणून ते चालणे कमी करतात. घरचे लोक प्रेमाने म्हणतात, “तुम्ही बसा, आम्ही पाणी आणून देतो.” बसून बसून पायांचे स्नायू अशक्त होतात. अशक्त स्नायू लवकर थकतात आणि थोड्याच कामात त्यांच्यात आम्ल साचते. ते निस्तरण्यासाठी शरीराला आणखी श्वास लागतो. म्हणजे आता पूर्वीपेक्षा कमी चालूनही जास्त धाप लागते. चाचा आणखी बसतात. आधी बाजार सुटतो, मग मशिदीत जाणे सुटते, मग दारात येणेही सुटते. फुफ्फुसाचा रोग असतो छातीत, पण माणूस अधू होतो पायांनी.

पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णांना ‘विश्रांती घ्या’ असेच सांगत. अमेरिकेतील डॉ. अ‍ॅल्व्हन बॅरॅक यांनी १९५२ साली वेगळा विचार मांडला. या रुग्णांकडून हळूहळू हालचाल करून घेऊन त्यांची शक्ती पुन्हा वाढवावी, असे त्यांनी सुचविले. पुढे डॉ. थॉमस पेटी यांनी डेन्व्हर शहरात हे काम पद्धतशीरपणे केले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे. तेथील हवा विरळ आहे. अशा ठिकाणी त्यांनी रुग्णांना चालायला लावले, श्वासाचे व्यायाम शिकविले आणि रोगाची माहितीही दिली. १९६९ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. आज या उपचाराला ‘फुफ्फुस पुनर्वसन’ असे म्हणतात.

पुनर्वसनाने रोगी फुफ्फुस नवे होत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मग लाभ काय होतो? २०१५ साली ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या अहवालात ६५ चाचण्यांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यांत ३८२२ रुग्ण होते. पुनर्वसन घेतलेल्या रुग्णांची धाप व थकवा कमी झाला आणि रोजचे जगणे सोपे झाले, असे आढळले. सहा मिनिटांत ते इतरांपेक्षा सरासरी सुमारे ४४ मीटर अधिक चालू शकले. तुम्ही म्हणाल, “४४ मीटर म्हणजे काय मोठे?” धावणाऱ्या मुलाला ते काहीच नाही. पण घराच्या उंबरठ्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ न शकणाऱ्या माणसाला तेवढेच अंतर हवे असते.

हे सहा मिनिटांचे चालणे म्हणजे एक साधी परीक्षाच असते. दवाखान्याच्या ३० मीटर लांब, सपाट मार्गावर रुग्ण सहा मिनिटे येरझारा घालतो. लागेल तेव्हा तो थांबू शकतो. एकूण किती मीटर झाले, ते मोजतात. बोटाला लावायच्या छोट्या यंत्राने रक्तातील प्राणवायूचे प्रमाणही पाहतात. त्यावरून व्यायाम किती द्यायचा, ते ठरते. हा कार्यक्रम बहुधा सहा ते बारा आठवडे चालतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस देखरेखीखाली व्यायाम असतो. चालणे हा मुख्य व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि बसणे, हा पायांचा व्यायाम. हातांसाठी अर्धा लिटर पाण्याने भरलेल्या बाटल्याही चालतात. व्यायाम करताना थोडी धाप लागावी, पण दोन शब्द बोलता यावेत, इतपतच.

आपल्याकडे अशी केंद्रे फार थोडी आहेत आणि ती बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. म्हणून डॉक्टरांकडून तपासून घेऊन घरच्या घरी सुरुवात करणे महत्त्वाचे ठरते. पहिल्या दिवशी पाच मिनिटे चालावे. दम लागला की थांबावे, चंबूने श्वास सोडावा आणि पुन्हा चालावे. दर आठवड्याला थोडी थोडी वेळ वाढवावी. फवाऱ्याचे औषध सांगितल्याप्रमाणे घ्यावे. विडी-सिगारेट बंद केली पाहिजे, नाहीतर एका हाताने भरलेला घडा दुसऱ्या हाताने फोडल्यासारखे होईल. चालणे सोडले तर मिळवलेली शक्ती काही महिन्यांत ओसरते. म्हणून आठवडे संपले तरी व्यायाम संपत नाही.

मात्र छातीत दुखू लागले किंवा चक्कर आली, तर व्यायाम ताबडतोब थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेला, एक वाक्यही सलग बोलता येईना किंवा बसूनही छातीतले दुखणे थांबेना, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यात तुमचे काम कोणते? तुम्ही डॉक्टर नाही, पण तुमच्याजवळ वेळ आहे आणि मजबूत पाय आहेत. घरात किंवा शेजारी अशी व्यक्ती असेल तर संध्याकाळी तिच्याबरोबर चाला. तिच्या चालीने चाला, स्वतःच्या चालीने नव्हे. आज विजेच्या कितव्या खांबापर्यंत गेलात, ते वहीत लिहा. ती थांबली की तुम्हीही थांबा. “लवकर चला” म्हणू नका आणि “आता बसूनच राहा” असेही म्हणू नका. आजारी माणसाला बसून नमाज अदा करण्याची मुभा आहे, तरी मशिदीपर्यंत आपल्या पायांनी जाण्याची त्याची इच्छा असू शकते. कुणाला नातवाला शाळेत सोडायचे असते, कुणाला स्वतःच्या हाताने चहा करायचा असतो. ती इच्छा विचारा. चालण्याला मुक्काम ठरलेला असला, की पावले उचलायला बळ येते.

आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याचे प्रत्येक काम आपण करणे नव्हे. त्याला जे करता येते, ते त्याच्याकडून जाऊ न देणे, हीसुद्धा सेवाच आहे. दम लागला तर दम घ्यावा, दम धरावा, दमाने घ्यावे; पण चालणे थांबवू नये.

स्वाध्याय

१. सीओपीडीच्या रुग्णाची खरी अडचण कोणती? लेखकाने ती कोणत्या उदाहरणाने समजावली आहे?
२. ओठांचा चंबू करून श्वास सोडल्याने काय फायदा होतो?
३. ‘फुफ्फुसाचा रोग असतो छातीत, पण माणूस अधू होतो पायांनी.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. वाक्यांत उपयोग करा : दम लागणे, दम घेणे, दम धरणे, दमाने घेणे.
५. शांत बसून एका मिनिटातील आपले श्वास मोजा. मग एक जिना चढून पुन्हा मोजा. काय फरक आढळला, ते पाच ओळींत लिहा.