स्वयंपाकघरातील उरलेसुरले आणि परसातील भाजी

संत योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना भोजन दिल्याची कथा आहे. ती आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक असते. परंतु तिच्या शेवटाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. सर्व लोक तृप्त झाल्यावर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगतो आणि बारा टोपल्या भरतात. ज्याने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातले, त्याला तुकड्यांची काय उणीव? तरीही त्याने काही वाया जाऊ दिले नाही. हा धडा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारून पाहावे.

पेडणे आणि डिचोली ह्या तालुक्यांत आजही बहुतेक घरांमागे थोडे तरी परस असते. पूर्वी त्यात वांगी, मिरच्या, भेंडे, तांबडी भाजी, अळसांदे असे काही ना काही पिकत असे. आज आपल्या ताटातील बरीचशी भाजी बेळगावाहून घाट उतरून येते. डिचोलीकडील अनेक घरांना तर २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा, बाहेरच्या मिळकतीवर सर्वस्वी विसंबणे किती धोक्याचे असते, ह्याचा अनुभव आला. परसातील भाजीने कोणी श्रीमंत होत नाही हे खरे. पण हात आखडलेला असता दोन वेळचे कालवण घरचे असणे, हा लहान आधार नव्हे.

आमची जमीन जांभ्या दगडाची. ती स्वभावतः आंबट आणि सेंद्रिय अंशाने दुबळी. त्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मातीतील सत्त्व धुऊन नेतो. अशा मातीत नुसते विकतचे खत घातले, तर त्यातील बराचसा भाग पहिल्या मोठ्या सरींबरोबर निघून जातो. कुजलेला पालापाचोळा मात्र ओलावा व अन्नद्रव्ये धरून ठेवतो आणि झाडाला ती हळूहळू पुरवितो. भाजी मोठी व रसदार होण्याचे मर्म येथे आहे.

ह्या विद्येचा एक मोठा प्रयोग आपल्या देशातच झाला. इंदूर संस्थानात १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेत सर आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी काडीकचरा, शेण, माती व लाकडाची राख ह्यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. १९३१ साली त्यांनी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि ‘इंदूर पद्धत’ ह्या नावाने ती जगभर पोहोचली.

घरापुरती हीच रीत अशी करावी. परसातील उंचवट्याची, सावलीची जागा निवडावी. आमच्या पावसात खड्डा पाण्याने भरतो, म्हणून ढीग जमिनीवरच रचावा आणि वर चुडतांचे छप्पर घालावे. तळाला नारळाच्या काथ्या व काटक्या पसराव्यात, म्हणजे हवा खेळेल. त्यावर स्वयंपाकघरातील ओला भाग एक टोपली घातला, तर सुका पाला दोन टोपल्या घालावा. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, रस काढून उरलेला नारळाचा चव, कुटलेली अंड्यांची टरफले हे सर्व चालते. मधून मधून थोडे शेण किंवा मूठभर चांगली माती टाकावी. न्हाणीच्या चुलीची राख आंबट जमिनीस उपकारक असते, पण ती चिमटीने घालावी. आणि ज्या चुलीत प्लास्टिक जळले, तिची राख मुळीच घालू नये. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवावा आणि दोन-तीन वेळा वरखाली करावा. आत ऊब आली, म्हणजे काम चालू आहे असे समजावे. खत काळे, भुसभुशीत झाले आणि त्याला पहिल्या पावसातील मातीसारखा वास आला, की ते तयार झाले.

मासळीची डोकी व आतडी ढिगात वरवर टाकली, तर कुत्री आणि उंदीर येतात. ती झाडापासून हातभर दूर, खोल पुरावीत. मासळी धुतलेले पाणी मिरचीला घालण्याची आपल्या आज्यांची चाल चांगलीच आहे. मात्र ते पाणी मिठाचे नसावे. लोणचे, खारवलेली मासळी व तेलकट पदार्थ ह्यांना ढिगात थारा देऊ नये.

येथे आमचा एक प्रमाद सांगणे प्राप्त आहे. उतावीळपणे आम्ही एकदा कच्च्या साली आणि लाकडाचा भुसा थेट वांग्याच्या रोपांच्या आळ्यांत कालवला. पंधरवड्यात पाने पिवळी पडली. सुका कच्चा माल मातीत कुजू लागला, की तो मातीतील नत्र आधी स्वतःच खातो आणि रोप उपाशी राहते. कुजण्यास वेळ द्यावाच लागतो, हे आम्ही त्या वांग्यांकडून शिकलो.

केळीच्या सालीचे पाणी शिंपडताच फळे दुप्पट होतात, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सालीत पालाश असते, पण ते कुजल्यावरच झाडाच्या पुरते उपयोगी पडते. अंड्यांची टरफले तर फारच सावकाश विरघळतात. फळ मोठे व्हावयाचे, तर रोपांत अंतर हवे, ऊन हवे, आणि भोपळ्याच्या वेलावर मोजकीच फळे राखावयास हवीत. खत अति झाले, तर पानेच माजतात. बी देखील आपल्याकडचे जपावे. पेडण्यातील हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले; सात शिरांचा भेंडा तर गोव्याच्या पावसाळ्याचे भूषणच आहे. पहिल्या बहरातील एक-दोन उत्तम फळे बियाण्यासाठी राखली, तर पुढच्या वर्षी बाजारात जावे लागत नाही.

माद्रिदचे शेतमजूर संत इसिदोर आणि आपले संत फ्रान्सिस झेवियर ह्यांना १२ मार्च १६२२ रोजी एकाच सोहळ्यात संतपद घोषित झाले. एक सातासमुद्रांपार गेले, दुसरे मालकाच्या शेतात नांगर धरून राहिले. ख्रिस्तसभेने दोघांना एकाच दिवशी वेदीवर स्थान दिले. तेव्हा परसातील काम हलके मानण्याचे कारण नाही. आज संध्याकाळी रोझरीपूर्वी घरातील लहानग्याच्या हाती सालींची टोपली द्यावी आणि ती कोठे ठेवावी, हे त्याला दाखवावे. तीन महिन्यांनी तोच आपल्याला बोलावून तेथील काळी माती दाखवील.