मुदतीचा अर्ज

सकाळी सात. मुलीच्या वडिलांचा फोन. ते साखर कारखान्यात कामाला आहेत, आणि काल त्यांना चेअरमनच्या माणसाने चहाला बोलावलं होतं. "ताई, मिटवून टाका म्हणतायत." पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, गुन्हा तडजोडीने मिटत नाही, हे मी त्यांना पुन्हा सांगते. समोरच्यांनाही ते ठाऊक आहे. त्यांना हवा आहे फितूर साक्षीदार.

साडेनऊ. मुलगी आईबरोबर आली. जबाब पाठ करून घेत नाही, एवढंच सांगते, "आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. आरोपी तुला दिसणार नाही, मध्ये पडदा असेल."

अकरा. पुकारा झाला. आरोपी शिक्षणसंस्थेचा चालक, वकील मोठे. ते आलेच नाहीत. ज्युनिअरने मुदतीचा अर्ज पुढे केला. वजनदार आरोपीचा खरा बचाव उलटतपासणीत नसतो, तारखांत असतो. तारखा पडत राहतात, तोवर पंच गाव सोडतात, मुलीचं लग्न ठरतं, घरचे थकतात. स्वयंघोषित संत आसारामविरुद्ध २०१३ मध्ये तक्रार झाली, जन्मठेप २०१८ मध्ये. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून पडले. पोक्सोचं कलम ३५ म्हणतं, कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत पीडितेची साक्ष, शक्यतो वर्षभरात निकाल. ते कलम मी सरकारी वकिलांच्या पुढ्यात सरकवते. फिर्यादीच्या खासगी वकिलाने त्यांना मदत करायची, खटला चालवायचा नाही; त्यामुळे माझी निम्मी वकिली चिठ्ठ्यांवर चालते. अर्ज नामंजूर झाला.

पावणेबारा. उलटतपासणीत ज्युनिअर थेट मुलीकडे वळून विचारतो, "तू त्या दिवशी कोणते कपडे घातले होतेस?" दुसरी चिठ्ठी: कलम ३३. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा, त्यांनी मुलीला विचारायचा, आणि चारित्र्यावर शिंतोडे उडवू द्यायचे नाहीत. हे सगळ्या कोर्टांत पाळलं जातं असं म्हणवत नाही. आज पाळलं गेलं. मुलगी हळू बोलली, पण डगमगली नाही.

अडीच. जेवण, नकलेचा अर्ज, दुसऱ्या कोर्टात एक जामीन.

सहा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलीचं नाव फिरतंय, शाळेच्या फोटोसकट. मी स्क्रीनशॉट काढून पोलीस ठाण्यात तक्रार देते. पाठवणाऱ्यांत तिच्याबद्दल हळहळणारेही आहेत. कलम २३ हळहळ बघत नाही; तिची ओळख उघड करणं हा गुन्हाच. असा मेसेज तुमच्याकडे आला, तर पुढे पाठवू नका.