जिताड्याची पिल्ले आणि निमखारे पाणी

गिरगावात चर्नी रोड स्टेशनजवळ, समुद्राच्या काठाला, १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. परळ-लालबागच्या चाळींतली माणसे पोराबाळांना घेऊन तेथे मासे बघायला जात. समुद्रातल्या माशांच्या टाक्या वेगळ्या, गोड्या पाण्यातल्या माशांच्या वेगळ्या. खाऱ्यातला मासा गोड्यात टाकला तर मरतो, हे कोणाला सांगायला नको. पण या दोन पाण्यांच्या मधले एक तिसरे पाणी आहे. त्याला निमखारे पाणी म्हणतात. समुद्रात जन्मणाऱ्या काही माशांची पिल्ले या पाण्यात, घराच्या आत, टाकीतसुद्धा वाढवता येतात. ती कशी, ते आपण पाहू.

मुंबईत कामाला आलेल्या कितीतरी लोकांचे गाव पेण-अलिबागकडे आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरले, की पुढे खारेपाटाचा मुलूख लागतो. तेथे गावोगाव तळी आहेत, आणि तळ्यात जिताडा पाळण्याची रीत जुनी आहे. जिताडा चवीचा मासा, भावही चांगला. पण त्याची एक अडचण आहे. तो तळ्यात वाढतो खरा, तळ्यात वीत नाही. अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यातच जावे लागते. मग पिल्ले भरतीबरोबर खाडीत वर येतात. पूर्वी लोक ती खाडीतून धरून तळ्यात सोडत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे मत्स्यसंशोधन संस्थेने १९९७ साली टाक्यांत ठेवलेल्या जिताड्यापासून पिल्ले मिळवली. तेव्हापासून पिल्ले विकतही मिळू लागली. परंतु पैसे मोजून आणलेली पिल्ले कोणी तशीच गोड्या तळ्यात ओतली, तर सकाळी ती पाण्यावर तरंगताना दिसतील. असे का व्हावे?

काकडीला मीठ लावून ठेवा. थोड्या वेळाने ती पाणी सोडते. उलट हरभरे साध्या पाण्यात टाका, ते फुगतात. पाणी नेहमी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे ओढले जाते. माशाचेही असेच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. माशाच्या रक्तात मात्र लिटरला १० ते १२ ग्रॅमच. म्हणून समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते. पाण्यात राहूनही तो तहानलेला! तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळे उलटे. पाणी अंगात शिरते, मीठ बाहेर जाते. मग त्याला पाणी बाहेर टाकावे लागते आणि मीठ धरून ठेवावे लागते. दोन्हीकडे अंगातली ताकद खर्च होते, आणि एका कामावरून दुसऱ्यावर यायला शरीराला वेळ लागतो. एका रात्रीत ते जमत नाही.

आता समुद्राचे एक भांडे पाणी घेऊन त्यात दोन भांडी गोडे पाणी घातले तर? मीठ लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास येईल. म्हणजे माशाच्या रक्ताएवढेच. ना पाणी आत, ना पाणी बाहेर. ओढाताण थांबली, की बऱ्याच जातींची पिल्ले खाल्लेले अन्न वाढीला लावतात. खाडीत पावसाळ्यात असेच पाणी होते, आणि जिताड्याची, बोयची पिल्ले तेथेच लहानाची मोठी होतात. बांगडा, सुरमई, पापलेट ही मात्र खुल्या समुद्राची जात. त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.

जिताड्याची अगदी कोवळी पिल्लेसुद्धा निमखाऱ्या पाण्यात घालू नयेत. पहिले तीन आठवडे त्यांना खारे पाणीच लागते, आणि खायला पाण्यातले जिवंत बारीक जीव लागतात. ते काम पिल्ले काढणाऱ्या केंद्राचे आहे, चाळीच्या खोलीतले नव्हे. आपण त्यानंतरची पिल्ले आणावी. पाण्यात मीठ किती, ते देणाऱ्याला विचारून घ्यावे. समजा, लिटरला ३० ग्रॅम आहे. टाकीत तेवढेच खारे पाणी ठेवावे. मग रोज टाकीतला दहावा हिस्सा पाणी काढावे आणि तेवढेच गोडे पाणी घालावे. नऊ दिवसांत ३० चे १२ होतात. शंभर लिटरची टाकी असेल तर रोज १० लिटर, म्हणजे घरातली एक लहान बादली. घाई करायची नाही.

मुंबईच्या नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरिन घालतात. आपल्याला ते चालते, पिल्लांचे कल्ले मात्र जळतात. म्हणून पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून मग वापरावे. चौपाटीच्या काठचे पाणी आणू नये, त्यात गटारांची घाण मिसळलेली असते. माशांच्या दुकानांत समुद्री मीठ मिळते, ते गोड्या पाण्यात कालवावे. जेवणातल्या मिठाने हे काम भागत नाही, कारण समुद्रात मिठाखेरीज आणखी पुष्कळ क्षार असतात. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडेच पाणी घालावे. खारे घातले तर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाईल. मीठ मोजायची काचेची नळी मिळते, ती जवळ असलेली बरी.

हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. उरलेले अन्न आणि विष्ठा तळाशी कुजली तर पाण्यात विष तयार होते. मीठ बरोबर असूनही पिल्ले मरतात ती बहुधा यामुळे. तेव्हा खाऊ थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा द्यावा आणि तळ रोज साफ करावा.

जिताडा खादाड आहे. भावंडच भावंडाला गिळते. मोठ्या पिल्लापुढे अर्ध्या लांबीचे पिल्लू आले, की ते गेलेच म्हणून समजावे. यासाठी दर तीन-चार दिवसांनी पिल्ले निवडून मोठी एका टाकीत आणि लहान दुसऱ्या टाकीत ठेवावी लागतात. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम. कंटाळा केला तर शंभराची पन्नास होतात, आणि चोर बाहेर शोधून सापडत नाही.

पिल्ले बोटाएवढी झाली, म्हणजे पाणी तशाच रीतीने रोज थोडे थोडे गोडे करत न्यावे. गावी नेताना हवा भरलेल्या पिशवीत न्यावी. तळ्यावर पोचल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतले-बाहेरचे पाणी सारखे ऊन-गार होते. मग पिशवीत तळ्याचे थोडे पाणी घ्यावे, आणि पिल्ले आपणहून बाहेर पडू द्यावी.