पडदा अडला म्हणजे कॉम्प्युटर बिघडला नव्हे

औशात आमच्या गल्लीतल्या एका घरी दोघा भावंडांत मिळून एकच कॉम्प्युटर आहे. वडील गवंडीकाम करतात, आई शिवणयंत्र चालवते. कॉम्प्युटर लातूरहून जुना घेतलेला. एका संध्याकाळी थोरली मुलगी महाडीबीटीच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरीत होती. ती जेवायला उठली आणि धाकट्याने खेळ लावला. परत येऊन पाहते तो साऱ्या पडद्यावर खेळच खेळ. फॉर्म दिसेना, घड्याळ दिसेना, खालची पट्टी नाही की बंद करायची फुली नाही. गोंधळात आईने भिंतीवरचे बटणच बंद केले. भरलेला मजकूर गेला.

सकाळी पुन्हा तेच. कॉम्प्युटर चालू होताच पडद्यावर मोठमोठी चित्रे. मग डबा दुकानात गेला. तिथे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले, पाचशे रुपये घेतले. जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही त्यात गेल्या. खरे तर बिघाड काहीच नव्हता.

झाले होते ते एवढेच. मुले खेळ उतरवून घेतात ते बहुधा 'स्टीम' नावाच्या कार्यक्रमातून. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने तो 2003 साली काढला. 2012 मध्ये तिने त्यात 'बिग पिक्चर मोड' आणला. कॉम्प्युटर टीव्हीला जोडून लांब सोफ्यावर बसून खेळणाऱ्यांसाठी ही सोय. म्हणून अक्षरे मोठी आणि सारा पडदा व्यापलेला. आपल्याकडे टेबल आणि कॉट यांत हातभर अंतर, तिथे तिचा काय उपयोग? पण धाकट्याने सेटिंग्जमधील 'इंटरफेस' या भागात 'स्टीम बिग पिक्चरमध्ये सुरू करा' या अर्थाच्या ओळीपुढची खूण चालू केली होती. स्टीम कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होत असल्याने रोज तेच दिसणार. ती खूण काढली की काम झाले. बिग पिक्चरमधून बाहेर यायचे तर त्याच्या मेनूतील 'पॉवर'मध्ये 'एक्झिट' आहे. खेळण्याच्या रिमोटवर मधले गोल बटण असते. ते दाबल्यानेही हा पडदा पुष्कळदा उघडतो, हे मुलांच्याही ध्यानात येत नाही.

खुद्द खेळाने पडदा अडवला असेल तर ऑल्ट धरून टॅब दाबावे. खेळ मागे जातो, आपले काम पुढे येते. विंडोजची खूण असलेली कळ दाबूनही पट्टी दिसते. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबल्यास बहुतेक खेळ लहान खिडकीत येतात. काहीच चालले नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. भिंतीवरच्या बटणाकडे हात अगदी शेवटी जावा.

कायमचा उपाय खेळाच्या आतच असतो. तिथे 'डिस्प्ले' किंवा 'व्हिडिओ'मध्ये तीन प्रकार सापडतात. 'फुलस्क्रीन'मध्ये खेळ पडद्याचा ताबा घेतो. 'विंडोड'मध्ये तो चौकटीत राहतो. 'बॉर्डरलेस'मध्ये पडदा भरलेला दिसतो, पण आत ती बिनकडांची खिडकीच असते, त्यामुळे दुसऱ्या कामाकडे चटकन जाता येते. एकाच कॉम्प्युटरवर दोघांचे काम असेल तर बॉर्डरलेस बरे. मात्र यंत्र जुने असेल तर त्यात खेळ किंचित रेंगाळतो, आणि मुले कुरकुर करतात. करू द्यावी.

जुन्या मॉनिटरची आणखी एक गंमत असते. त्याला न झेपणारे मोठे माप खेळाने निवडले की पडदा काळा होतो, 'आउट ऑफ रेंज' असे काहीसे उमटते. लोकांना वाटते मॉनिटर जळाला. अशा वेळी स्टीममधील खेळांच्या यादीत त्या खेळावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे. तिथल्या 'लाँच ऑप्शन्स'च्या चौकटीत वजाचे चिन्ह देऊन त्याला लागूनच इंग्रजीत 'विंडोड' हा शब्द लिहावा. काउंटर-स्ट्राइकसारखे व्हॉल्व्हचे खेळ मग चौकटीतच उघडतात, आणि आत जाऊन माप कमी करता येते. टीव्हीचाच मॉनिटर केला असेल आणि कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या चित्राच्या मापाचा. त्याच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असे काही असते.

विंडोज 7 वर मात्र यातले काही करू जाऊ नये. 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने त्याला आधार देणे थांबवले आहे.

पालकांच्या कामाची एक गोष्ट. 2024 पासून स्टीममध्ये सहा जणांपर्यंतचे कुटुंब जोडता येते, आणि मुलाने किती वेळ खेळावे ते मोठ्यांना ठरवता येते. फॉर्म भरायच्या दिवसांत तरी ते करावेच.

त्या मुलीने दाखले पुन्हा स्कॅन करून फॉर्म भरला, मुदतीला दोन दिवस असताना. मॉनिटरखाली आता वहीच्या कागदाची चिठ्ठी आहे: ऑल्ट, टॅब. इंग्रजी वाचता न येणाऱ्या आईसाठी त्या दोन कळांवर शिवणाच्या खडूने खुणा केल्या आहेत. खडू पुसतो, मग धाकटाच पुन्हा ओढतो.