आधी इजाजत, मग रंग

चाँदरातीला बाजारात मेंदीच्या स्टेन्सिल मिळू लागल्या, त्याला बरीच वर्षे झाली. हातावर चिकटवायची, वरून मेंदी फासायची, सोलून काढली की वेलबुट्टी तयार. धान्याच्या पोत्यावरचा छाप, वर्गातल्या बाकांवरचे नंबर, दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकीतली चिन्हे ही सगळी त्याच कुळातली. कापलेल्या जागेतून रंग जातो, न कापलेल्या जागेत अडतो, एवढेच त्यातले शास्त्र. आता हीच गोष्ट आठ-दहा फुटांच्या मापात करून भिंती रंगवण्याचे वेड आपल्या मोठ्या मुलामुलींना लागले आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहतात, हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचा डबा आणतात आणि भिंत शोधत निघतात.

आम्ही सुरगाण्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. चित्रकला हा आमचा विषय नाही. पण बोलक्या भिंती करायच्या ठरल्या की मजकूर आणि शुद्धलेखन भाषेच्या शिक्षकाच्या गळ्यात पडते, त्यामुळे या कामाशी आमची ओळख झाली. या वेडाच्या आड पालकांनी येऊ नये असे आम्हाला वाटते. मात्र डबा हातात देण्याआधी मुलांना दोन प्रश्न विचारावेत: भिंत कुणाची, आणि चित्र कुणाचे?

आधी हुन्नराचे बोलू. मोठे चित्र एकदम मोठे काढायचे नसते. आठ इंच रुंद, दहा इंच उंच कागदावर ते काढावे, त्यावर एकेक इंचाचे चौकोन आखावेत आणि भिंतीच्या मापात प्रत्येक चौकोन एक फुटाचा करावा. शाळेत प्रोजेक्टर असेल तर संध्याकाळी अंधारात चित्र थेट मोठ्या कागदावर पाडून गिरवता येते. एवढी मोठी स्टेन्सिल अखंड कापली तर उचलताना फाटते, वाऱ्याने उडते. म्हणून ती तीन-चार तुकड्यांत करावी, तुकड्यांना नंबर घालावेत आणि कोपऱ्यांवर जुळणीच्या खुणा कराव्यात. जाड कार्डशीटला दोन्ही बाजूंनी ऑइलपेंटचा हात दिला की ती पाणी पीत नाही. छोट्या अक्षरांसाठी धुतलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मसारखे दुसरे काही नाही. कापताना आतले बारीक आकार आधी, मोठे नंतर. वळणावर पाते फिरवण्यापेक्षा कागद फिरवावा. कटर मोठ्यांच्या नजरेखालीच वापरावा, हे काय सांगायचे!

खरी कसोटी आहे पुलांची. गोल कापला आणि मधला भाग सुटून पडला, की गोलाच्या जागी नुसता ठिपका उरतो. मधला भाग जागेवर राहावा म्हणून कागदाच्या बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. त्यांना पूल म्हणतात. हा नियम आपल्या कारागिरांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची संगमरवरी जाळी पाहा, किंवा अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतली १५७३च्या सुमाराची दगडी झाडाची जाळी पाहा. फांदी, पान, वेल, प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाला तरी धरून आहे. दगडाला अधांतरी राहता येत नाही, कागदालाही नाही. ज्या घरांत जानदार तस्वीर काढणे पसंत नसते, तिथल्या मुलांना आम्ही हेच सुचवतो की जाळीचे नमुने घ्या. त्यात भूमितीही पक्की होते.

अक्षरांत मराठी जास्त छळते. शिरोरेषेमुळे प, म, स, व, ब या अक्षरांत बंद पोकळ्या तयार होतात आणि प्रत्येकीला पूल लागतो. उर्दूत नुक्ते सुटेच असतात, त्यांची भोके बिनधास्त पाडावीत. साद, तोय, गोल हे अशा बंद आकारांच्या अक्षरांकडे लक्ष दिले की झाले. पण नस्तालीक उतरत्या चालीची असल्याने ओळीला उंची जास्त लागते, आणि एक नुक्ता कापायचा राहिला तर अर्थ पालटतो. म्हणून कापण्याआधी मजकूर दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्यावा. कागदावरची चूक खोडता येते, आठ फुटांची चूक गाव वाचते. अक्षरांची गोडी लागलेल्यांनी हनीफ कुरेशी यांचे काम जरूर पाहावे. रस्त्यावरच्या पेंटरांची हाताने रंगवलेली अक्षरे हरवू नयेत म्हणून त्यांनी ती गोळा करून जपण्याचा उपक्रम चालवला, आणि भारतात भिंतींवरची कला रुजवणाऱ्या ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेच्या संस्थापकांत ते होते. २०२४ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले.

भिंतीचे म्हणाल तर आमच्याकडे घाई चालत नाही. सुरगाण्याचा पाऊस भिंतीत मुरतो आणि दिवाळी उलटली तरी ओल राहते. ओल्या भिंतीवर दिलेला रंग फोड येऊन पोपडे धरतो. आम्ही डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरतो. सुटा चुना खरवडावा, ब्रशने धूळ काढावी, प्रायमरचा एक हात द्यावा. स्प्रे मारायचा असेल तर वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, दोन-तीन पातळ हात. एकाच जागी थांबलात की ओघळ आलाच. नाकातोंडावर चांगला मास्क हवा आणि जागा उघडी हवी, कारण त्या वासाने डोके धरते. लहान मुलांसाठी स्प्रे नकोच. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग बशीत घ्यावा, स्पंज बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपावा आणि हळूहळू थापावा. खर्च कमी, आणि कडाही स्वच्छ येतात. परांचीवर चढण्याचे काम मोठ्यांचे.

आता भिंत कुणाची, हा प्रश्न. पॅरिसमध्ये १९८१ पासून ब्लेक ल रॅ या नावाने एका कलाकाराने भिंतींवर स्टेन्सिलने उंदीर छापायला सुरुवात केली. पुढे इंग्लंडच्या बँक्सीने हीच रीत जगभर नेली. पोलिसांपासून लपून ट्रकखाली पडलो असताना तिथला स्टेन्सिलचा छाप दिसला आणि कमी वेळात काम उरकायची युक्ती सापडली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे ही रीत वाढली तीच लपूनछपून. मुलांना त्यातला थरार आवडतो. आमचे मत सरळ आहे: दुसऱ्याची भिंत हा दुसऱ्याचा हक आहे, चित्र कितीही नेक असो. आपल्या राज्यात १९९५ पासून मालमत्ता विद्रुपीकरणाविरुद्ध कायदा आहे. रात्री स्प्रे घेऊन पकडलेल्या मुलाच्या नावावर गुन्हा चढला तर पासपोर्टच्या, नोकरीच्या वेळी तो आडवा येऊ शकतो. आपल्या मुलांची चूक लोक लवकर माफ करत नाहीत, हेही पालकांनी त्यांना उघडपणे सांगावे.

बँक्सीचाच दुसरा किस्सा याहून शिकवणारा आहे. २००५ मध्ये त्याने पॅलेस्टाइनमध्ये इस्रायलने बांधलेल्या भिंतीवर चित्रे काढली. तेव्हा एका वृद्ध पॅलेस्टिनी गृहस्थांनी त्याला सुनावले की आम्हाला ही भिंत सुंदर व्हायलाच नको आहे. चित्रकार त्यांच्या बाजूचा होता, तरीही! याउलट एल सीड या फ्रान्समध्ये वाढलेल्या ट्युनिशियन मुस्लिम कलाकाराचे बघा. २०१६ मध्ये कैरो शहराचा कचरा उचलणाऱ्या कॉप्टिक ख्रिस्ती वस्तीत त्याने सुमारे ५० इमारतींवर मिळून एकच अरबी वचन लिहिले. आधी तो तिथल्या पाद्रींकडे गेला, त्यांची संमती घेतली, आणि वचनही निवडले ते त्यांच्याच जुन्या बिशपांचे. एल सीड स्टेन्सिल वापरत नाही, पण इजाजत कशी घ्यावी ते त्याच्याकडून शिकावे.

इजाजतीचा कागद पुरतोच असे नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या शाहदरा भागात अखलाक अहमद आणि एक फ्रेंच कलाकार सरकारी उपक्रमात भिंतीवर उर्दू शेर लिहीत होते. जमावाने येऊन तो पुसायला लावला. दोष चित्रकारांचा तसूभरही नव्हता. मालकाचा होकार आणि गल्लीची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यातून कळते. म्हणून काय लिहिणार, ते आधी गल्लीत दाखवावे. आणि उर्दू लिहायचे तर मराठीही लिहावे. हे भिऊन नाही. ज्याला उर्दू वाचता येत नाही, त्यालाही भिंतीचा वाटा मिळायला हवा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू होती, तिला हरकत घेणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी फेटाळली आणि भाषेला धर्माशी जोडू नये असे स्पष्ट केले. तो फलक आमच्या दृष्टीने उत्तम नमुना आहे.

गल्लीची संमती म्हणजे काय ते आमच्याच तालुक्यात दिसते. भिंतघर या आदिवासी गावाने घरांना गुलाबी रंग दिला आणि गुलाबी गाव म्हणून नाव मिळवले. घराघराने मनावर घेतल्याशिवाय असे होत नाही.

चित्र कुणाचे, हा प्रश्न सुरगाण्यात आणखी टोचतो. वारली चित्रांच्या तयार स्टेन्सिल हल्ली सर्रास मिळतात, त्या आणून मुले भिंतभर नाचणारी माणसे छापतात. इथे आमचे शेजारी, आमचे विद्यार्थी बहुसंख्येने आदिवासी आहेत, त्यांत वारलीही आहेत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे त्यांच्या सवाशिणींचे मानाचे काम. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना त्याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तो हात पत्र्यात कापून विकणे आम्हाला पटत नाही. वारली चित्र हवे असेल तर त्या घरातल्या विद्यार्थ्याला किंवा त्याच्या आईला बोलवावे, हाताने काढून घ्यावे, खाली नाव लिहावे आणि मेहनताना द्यावा.

एक अदबीची गोष्ट. भिंतीपाशी कुणी घाण करू नये म्हणून सगळ्या धर्मांची चिन्हे लावायची रीत शहरांत आहे. ती आपल्या मुलांनी उचलू नये. अल्लाहचे नाव किंवा आयत गटाराकडेच्या, पाय लागेल अशा भिंतीवर छापणे बरे नाही, आणि दुसऱ्यांच्या पवित्र चिन्हांनाही तोच अदब. तिथे झाडाची वेल काढा. गडकिल्ल्यांच्या आणि जुन्या दर्ग्यांच्या दगडाला तर हातच लावू नये, कारण दगडात गेलेला रंग निघत नाही.

मालकाशी बोलताना आणखी एक गोष्ट ठरवून घ्यावी: रंग उडाल्यावर काय करायचे. आमच्या पावसात दोन-तीन वर्षांत कडा विरतात. पुन्हा रंगवणार की पांढरा हात मारून भिंत परत देणार, ते तारखेसह कागदावर लिहावे. काम झाल्यावर स्टेन्सिल रंग सुकायच्या आत पुसावी, सावलीत वाळवावी आणि गुंडाळी न करता वर्तमानपत्रांच्या थरात पलंगाखाली सपाट ठेवावी. खुणा जपल्या असतील तर पुढच्या डिसेंबरात ती त्याच जागी नेमकी बसते.