गिलिआडचा हुकूम, घरचा रिवाज

सोनोग्राफीला गेलेल्या गरोदर बाईपुढे एक कागद येतो. दवाखान्यात त्याला 'एफ फॉर्म' म्हणतात. आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं काय, हे सगळं त्यात भरायचं. खाली तिची सही: गर्भाचं लिंग मला जाणून घ्यायचं नाही. सही तिची, पण ते जाणून घ्यायची घाई घरात नेमकी कुणाला झालीय, यासाठी त्यात रकाना नाही.

स्त्रीच्या शरीरावर सत्ता कुणाची, या प्रश्नावर गेल्या शतकात कादंबऱ्यांची एक अख्खी परंपरा उभी राहिली. मार्गारेट ॲटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) त्यातली सगळ्यात गाजलेली. गिलिआड नावाच्या राजवटीत बायकांची बँकखाती एका दिवसात गोठवली जातात, वाचणं-लिहिणं बंद होतं आणि मूल होऊ शकेल अशा बायका बड्या अधिकाऱ्यांच्या घरी वाटून दिल्या जातात. माणसाने कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही, हा ॲटवुड यांचा दंडक होता. त्यासाठी त्यांना फार लांब जावं लागलं नसणार. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली होती आणि ती १९८९ मध्ये त्याची सत्ता जाईपर्यंत टिकली. आपल्याकडे मंजुळा पद्मनाभन यांनी 'एस्केप' (२००८) या इंग्रजी कादंबरीत उलटं टोक गाठलं. तिथल्या सेनापतींनी देशातल्या बायकाच संपवल्यात आणि उरलेली एक मुलगी तिचे तीन काका लपवून वाढवताहेत.

या सगळ्या पुस्तकांत हुकूम देणारा कुणीतरी असतो. कोल्हापूरची गोष्ट वाचताना मी तिथेच अडतो.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा ९१३. हा जिल्हा मागास नव्हे: ऊस, दूध, सहकार, घरटी मोटारसायकल. ताराराणीचा अश्वारूढ पुतळा इथे भर चौकात आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, तोही याच संस्थानात. मुली नकोत असं फर्मान इथे कुणीही काढलं नव्हतं. सासूने विचारलं, नवऱ्याने गाडी काढली, डॉक्टरने खूण केली. पेढे की बर्फी, एवढ्यावर काम भागलं. लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्येच केला होता, हे लक्षात घेतलं की त्या खुणेची ताकद कळते.

मग सरकार आलं, तेही पाळत घेऊन. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना एफ फॉर्म ऑनलाइन भरणं सक्तीचं झालं आणि सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले. तपासणीत पडद्यावर जे दिसलं ते या उपकरणात साठतं. संशय आला की फॉर्मशी ताडून पाहता येतं. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा निघाला. २०११ मध्ये न्यायालयाने प्रशासनाची बाजू उचलून धरली.

त्याच वर्षीच्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८६३ वर गेला, राज्याचा मात्र ८९४ वर घसरला. याचं श्रेय सरसकट यंत्राला देणं मला पटत नाही. त्या जनगणनेत मोजलेली बहुतेक मुलं उपकरण बसण्याआधीच जन्मली होती. देशमुख स्वतः कथाकार. 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा त्यांचा संग्रह याच विषयावरचा आहे, आणि नावातच कळतं की त्यांना गोष्ट रचायला भविष्यकाळात जावं लागलेलं नाही.

पहारा यंत्रावर असतो तोवर ठीक. तो बाईवर सरकायला वेळ लागत नाही. २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी लिंगनिदान सक्तीचं करून प्रत्येक गर्भाची नोंद ठेवावी, असं सुचवलं होतं. म्हणजे मुलगी आहे हे घरादाराला आधी कळणार आणि मग बाळंतपणापर्यंत सरकार त्या पोटावर लक्ष ठेवणार. हेतू चांगलाच होता, पण रुमानियाच्या वाटेवरचं हे एक पाऊल होतं.

आणि बंदोबस्त कितीही वाढला तरी चोरवाट राहतेच. मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका बाईचा गर्भपातात जीव गेला, म्हणून ते प्रकरण उजेडात आलं. दुसरीकडे, बेकायदा गर्भपातांवर छापे पडू लागले की औषधदुकानदार कायदेशीर गर्भपाताच्या गोळ्याही ठेवेनासे होतात. लिंगाशी काहीही संबंध नसलेली, तिसरं मूल झेपणार नाही म्हणून आलेली बाई मग संशयित ठरते. भ्रूणहत्या आणि गर्भपात यांतला फरक आपल्या भिंतींवरच्या घोषणांनी पुसट केला, असं माझं मत आहे.

कायद्यात तो फरक स्वच्छ आहे. सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. १९७१ पासून नवऱ्याच्या सहीची अट नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत घेतलं आणि कायद्यात नसलेली घरच्यांची संमती डॉक्टर मागतात, याचीही नोंद केली.